तळ वाजला पाहिजे

पंपावरच्या वहिनी रोज सकाळी पेट्रोलच्या टाकीत काठी सोडायच्या आणि 'ठक्' असा आवाज व्हायचा. त्या आवाजावर समोरचा न्हावी दुकान उघडायचा, कुंपणापलीकडच्या मास्तरीणबाई पोहरा घेऊन आडावर जायच्या आणि पंपामागच्या खोलीत खाटेवर पडलेले आबा, म्हणजे वहिनींचे सासरे, खिडकीतून ओरडायचे, "वाजला का गं?" वहिनी ओरडायच्या, "वाजला, आबा." मग दिवस सुरू. आता जो आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचा, तो आबांना ऐकू येत नसेल का? येतच असणार. पण विचारायची सवय होती, आणि म्हाताऱ्या माणसाची सवय मोडायला कोण जातंय!

तुम्ही पंपावर जाता, गाडीत पेट्रोल भरून घेता आणि निघून जाता. पायाखाली काय आहे याचा विचार कोण करतो? तिथे जमिनीत खोलीएवढी लोखंडी टाकी पुरलेली असते. तिच्यात माल किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वरून एक पाइप आत गेलेला असतो. त्यातून खुणा केलेली पितळी काठी तळापर्यंत सोडायची, वर काढायची आणि ओल कुठवर आली ते वाचायचं. याला डिप घेणं म्हणतात. काल किती होतं, विकलं किती, आज उरलं किती, हे जुळलं तर टाकी धड आहे. जुळलं नाही तर ती कुठेतरी गळते आहे. इतकं साधं काम. पण साध्या कामातच माणसं अंगचोरपणा करतात. काठी अर्धवट सोडतात, अंदाजानं आकडा सांगतात आणि चहा प्यायला जातात.

आबांना या 'अंदाज' शब्दाचीच चीड. काठी तळाला टेकली की नाही हे कसं कळणार? वाजली की कळणार. तळ वाजला पाहिजे, हा त्यांचा कायदा. टाकी बसवली तेव्हा वेल्डर म्हणाला होता, काठी जिथे पडते तिथे खाली एक जाड पट्टी मारून देतो. आबांनी त्याला हाकललंच. पट्टी मारली म्हणजे तळ पट्टीच्या जाडीएवढा वर आला, म्हणजे रोजचं माप तेवढं खोटं. "मापात खोट नको," असं त्याला बजावलं, आणि पुढे ही गोष्ट त्यांनी आल्यागेल्याला इतक्यांदा ऐकवली की ती सुरू झाली की पंपावरचं कुत्रंसुद्धा उठून दुसऱ्या सावलीत जायचं.

वहिनी या घरात आल्या तेव्हा त्यांना पेट्रोल आणि रॉकेल यांतला फरक कळत नव्हता. नवऱ्याचं म्हणाल तर त्याला पेट्रोलच्या वासानं डोकं धरायचं. पंपवाल्याच्या पोटी जन्म घेऊन! तो दुसऱ्या गावात नोकरीला होता आणि सुट्टीला पाहुण्यासारखा यायचा. धाकटा दीर गिऱ्हाईक सांभाळण्यात वस्ताद, बोलणं असं गोड की चार शब्द बोलायला लोक गाडीची टाकी अर्धी भरलेली असताना यायचे. पण जमिनीखाली बघायला त्याला कधी सवड नसायची. आबांची नजर गेली आणि काठी आपसूक वहिनींच्या हातात आली. त्यांनी ती घेतली ती अशी, की टाकीच्या झाकणांचे रबर कधी बदलायचे, पाइपांचे सांधे कधी तपासायचे, दाबाची चाचणी करायला माणूस कधी बोलवायचा, हे सगळं त्यांना आपल्या पोरांच्या तापासारखं पाठ.

विमाही त्यांनीच उतरवला. टाकी गळून शेजाऱ्यांच्या जमिनीचं किंवा पाण्याचं नुकसान झालं तर ते विमा कंपनीनं भरून द्यायचं, असा. दीर पोट धरून हसला होता. इथे माणसांचे विमे उतरायची मारामार आणि वहिनी टाकीचा उतरवतात! वहिनींनी नुसतं कुंपणाकडे बोट दाखवलं. पलीकडे मास्तरीणबाईंचा आड होता आणि मागची सगळी गल्ली त्याचं पाणी प्यायची. मास्तरीणबाई निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण बोलायच्या अशा की समोरचा अजून चौथीत आहे. पंप झाला तेव्हा त्यांनी आबांना एकच वाक्य ऐकवलं होतं, की तुमची टाकी आणि माझा आड एकाच जमिनीत आहेत हे विसरू नका. आबा विसरले असतील, वहिनी विसरल्या नव्हत्या.

मग ती सकाळ आली. वहिनींनी नेहमीसारखी काठी सोडली आणि आवाज आला 'थप्'. पिठाच्या पोत्यावर बुक्की मारल्यासारखा. त्यांनी काठी वर घेऊन परत सोडली. थप्. जरा तिरकी धरून सोडली, तर ठक्. सरळ सोडली की थप्.

"वाजला का गं?"

"नाही, आबा."

 खिडकीतून आवाज आला, "परत टाक."

"टाकली. नाही वाजला."

वहिनींनी काठी पूर्ण वर ओढली आणि टोकावरून बोट फिरवलं. बोटाला ओली वाळू लागली. टाकीच्या आत वाळू कुठली? ती बाहेर असते, टाकीच्या खाली. त्या तशाच पाइपाशी बसल्या आणि मागचे आकडे आठवून पाहिले. गेले काही दिवस माप जरा जास्तच येत होतं. कमी नाही, जास्त. दीर खूश होता, आपली टाकी माल विते म्हणून थट्टा करत होता, आणि वहिनींनाही वाटलं होतं की ऊन वाढलंय, माल फुगत असेल. आता उलगडा झाला. काठी भोकाच्या कडेवर वाजून आत उतरत होती, म्हणून ओल वर चढलेली दिसत होती. भोकातून माल जात होता आणि तेच भोक माप वाढवून दाखवत होतं. चोरच पहारेकरी झाला होता.

आणि भोक पडलं कशानं? रोज सकाळी एकाच पाइपातून, एकाच जागी, वाजेल अशा जोरानं आपटलेल्या काठीनं. वहिनींनी वर्षानुवर्षं टाकी गळू नये म्हणून जे केलं होतं, त्यानंच ती गळत होती. हे कळल्यावर कुणी कपाळाला हात लावून बसलं असतं. वहिनीही बसल्या, खोटं कशाला बोला. पण पदराला बोट पुसायला लागतो तेवढाच वेळ. मग उठल्या आणि पेट्रोलच्या यंत्राला कुलूप घातलं.

दीर धावत आला. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं नाही. विम्याचं नूतनीकरण पुढच्याच आठवड्यात होतं. आत्ता बोंब मारली तर या जुन्या टाकीचा विमा कोण करणार? विमा नाही म्हणजे परवानगी नाही, परवानगी नाही म्हणजे आबांनी उभा केलेला पंप बंद. आठ दिवस गप्प बसायचं, कागद हातात पडले की मग सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मूठ झाकता येते, भावजी," वहिनी म्हणाल्या. "भोक खाली आहे, ते कसं झाकणार?"

त्यानं मोठ्या भावाला फोन लावून दिला. नवरा म्हणाला, घाई करू नकोस, मी सुट्टीला आलो की बघू. वहिनींनी विचारलं, "डोकं दुखतंय का? गोळी घ्या," आणि फोन ठेवला. मग त्यांनी दोन फोन केले. एक टँकरवाल्याला, येऊन टाकीतला सगळा माल ओढून घे म्हणून. दुसरा विमा कंपनीला. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं म्हणतात ना, त्यातलं ऐकण्याचं काम त्यांनी दहा मिनिटांत उरकलं होतं.

सगळ्यात अवघड होतं ते कुंपणापलीकडे जाणं. मास्तरीणबाई आडावर कपडे पिळत होत्या. वहिनींनी आडवळणं घेतली नाहीत. म्हणाल्या, आजपासून हे पाणी पिऊ नका, गल्लीतही सांगा, आमची टाकी गळते आहे. गल्लीला पाणी पुरवायची जबाबदारी माझी.

"कुणामुळे गळते आहे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"माझ्यामुळे. माझ्या काठीनं भोक पडलं."

मास्तरीणबाईंनी पोहरा आडात सोडला, वर ओढला आणि पाण्याचा वास घेतला. मग वहिनींपुढे धरला. वास नव्हता. अजून तरी नव्हता. त्यांनी पाणी झाडाला न घालता दगडावर ओतून दिलं, आडावर फळ्या टाकल्या आणि त्यांच्यावर पोहरा पालथा घातला. "चूक कबूल केलीस, बरं केलंस. पण त्यानं ती पुसली जात नाही. दुरुस्त कर आणि मग ये." वहिनी खाली मान घालून घरी आल्या. रडू आलं होतं, पण पाण्याच्या टँकरची सोय व्हायची होती, म्हणून ते पुढे ढकललं.

विमा कंपनीचा तपासनीस दुसऱ्या दिवशी आला. नाजूक नाकाचा माणूस, पेट्रोलचा वास आला की लागोपाठ शिंका द्यायचा. वहिनींच्या मनात आलं, आमच्या ह्यांचा भाऊ शोभेल. त्याच्या आधी दिरानं वहिनींना बाजूला घेऊन पढवलं होतं, की स्वतःच्या हातानं केलेल्या नुकसानीचे पैसे विमा देत नाही. काठीचं नाव काढू नका, गंज म्हणा. गंज कुणाचाच नसतो.

आणि तपासनीस दारात येताच तोच पुढे झाला. टाकी जुनी, गंजली असणार, म्हणाला. तपासनिसानं मान डोलावली. गंज असेल तर भोक कुठेही असू शकतं. मग टाकी आतून कोरडी करून इंच न् इंच बघावी लागेल, पाइपही तपासावे लागतील, आणि पेट्रोल कोणत्या बाजूला गेलंय ते कळायला चहूबाजूंनी जमिनीत भोकं पाडावी लागतील. लागतील तेवढे दिवस लागतील, इलाज नाही.

वहिनींनी कुंपणाकडे पाहिलं. पालथा पोहरा दिसत होता. जमिनीखाली जे निघालं होतं ते काही तपासनिसासाठी थांबणार नव्हतं. गंज म्हणावं तर पंप वाचेल आणि आड जाईल. काठी म्हणावं तर आड वाचेल कदाचित, आणि पंप जाईल, तोही आपल्या तोंडानं घालवलेला. शेंडी तुटो की पारंबी, त्यांनी मनाशी म्हटलं.

"गंज नाही," त्या म्हणाल्या. "भोक डिप पाइपाच्या बरोबर खाली आहे. काठी आपटून पडलंय. काठी मी आपटत होते."

दिरानं डोळे मिटून घेतले. तपासनिसानं विचारलं, काठीखाली पट्टी नव्हती का? नव्हती. का नव्हती? वहिनींची नजर आबांच्या खिडकीकडे गेली. "मापात खोट येऊ नये म्हणून," त्यांनी सांगितलं.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, असलं भोक त्यानं पूर्वीही पाहिलंय. जिथे कुणी ढुंकून बघत नाही तिथल्या टाक्या गंजून जातात आणि जिथे फार काळजी घेतात तिथे हे सापडतं. मग त्यानं डिप पाइप कुठे आहे ते विचारलं. तो टाकीच्या कुंपणाकडच्या टोकाला होता. म्हणजे आडाच्या बाजूला.  दुपारपर्यंत खोदायचं यंत्र आलं आणि टाकी व कुंपण यांच्यामध्ये आडवा चर घेतला गेला. खालची वाळू वर यायला लागली तसा वास आला. टाकीपासून निघालेली ओल अर्ध्याहून जास्त वाट चालून गेली होती. आड पुढच्या टप्प्यावरच होता. वासाची माती उचलून पत्र्याच्या पिंपांत भरली, चरात साठलेलं पाणी पंपानं ओढून काढलं, आणि ते काम पुढे कितीतरी दिवस चालू राहिलं.

विम्याचं तपासनिसानं असं सांगितलं. मुद्दाम केलेलं वेगळं आणि वापरानं झिजलेलं वेगळं. झिजेची भरपाई मिळत नाही, तेव्हा टाकी तुमची तुम्ही घ्या. पण शेजाऱ्याची जमीन आणि पाणी, त्याचा खर्च कंपनी देईल, कारण कळलं त्याच दिवशी कळवलंत. नव्या टाकीचा विमाही होईल. दिरानं खालच्या आवाजात विचारलं, आणि आठवड्यानं कळवलं असतं तर? तपासनीस दोनदा शिंकला आणि चराकडे बोट दाखवत म्हणाला, "तर हे आपण आडात बघत असतो." त्या दिवसापासून दीर फावडं घेऊन चरात उतरला. गोड बोलणं बंद, नुसतं काम.

राहिले आबा. त्यांना सांगू नका, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. या वयात कशाला? गंज म्हणून सांगा आणि मोकळ्या व्हा. वहिनींना ते पटेना. या माणसानं आयुष्यात खोटा आकडा ऐकून घेतला नाही, त्याला आता खोटं कारण द्यायचं? त्या खाटेशी बसल्या आणि सगळं सांगितलं. काठी, जागा, पट्टी. आबा म्हणाले, गंजच असेल. वहिनी म्हणाल्या, नाही, आबा. आबांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढे कितीतरी सकाळी त्यांनी काही विचारलं नाही. ताट अर्धं परत यायचं. वहिनींना वाटायचं, आपण माणूस मारतोय की काय. पण सांगितलं ते परत घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

क्रेननं टाकी वर काढली त्या दिवशी आबांनीच हाक मारली. खुर्ची बाहेर घ्या म्हणाले. दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी थंड लोखंडावर हात फिरवत नेला. सगळीकडे तळ शाबूत होता. चांगला जाडजूड. मग बोट एका ठिकाणी आत गेलं. कडा गुळगुळीत, मुद्दाम घासून केल्यासारख्या. आबांनी बोट बराच वेळ तसंच ठेवलं.

"मापात खोट नको म्हणत बसलो आणि टाकीत पाडून ठेवली," ते म्हणाले.

"पाडली मी, आबा."

"कायदा माझा होता."

"मग दोघांनी पाडली," वहिनी म्हणाल्या. आबांनी त्यांचा हात शोधला आणि धरून ठेवला. वहिनींचं पुढे ढकललेलं रडू तेव्हा आलं, क्रेनवाल्यासमोर, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

चराच्या पलीकडचं पाणी पुन्हा पुन्हा तपासायला जात होतं. दर वेळी निकाल येईपर्यंत वहिनी गल्लीला पाण्याचा टँकर पुरवत राहिल्या. आणि दर वेळी पाणी स्वच्छ निघत होतं. शेवटी तपासनीस म्हणाला की आता हरकत नाही. वहिनी कुंपणापलीकडे गेल्या आणि दारात उभ्या राहिल्या. मास्तरीणबाईंनी पोहरा सुलटा केला, धुतला, पाणी काढलं आणि पेला भरून वहिनींपुढे धरला. "आधी तू."

वहिनींनी एका दमात पेला रिकामा केला.

"कसं आहे?"

"पाण्यासारखं."

मास्तरीणबाई हसल्या. त्यांना दात आहेत हे गल्लीला त्या दिवशी कळलं.

नवी टाकी दुहेरी भिंतीची होती आणि तिच्या तळाला काठीच्या बरोबर खाली जाड पट्टी बसवलेली होती. पहिला माल उतरला त्या संध्याकाळी आबांनी विचारलं, पट्टीची जाडी मापात कशी धरणार? वहिनींनी सांगितलं, काठीवरच्या खुणा तेवढ्यानं सरकवून घेतल्या.  "इतकंच होतं?" आबांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "इतकंच होतं." त्यावर दोघांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाइपाशी बसल्या. वर्षानुवर्षं काठी आपटलेला हात आपटायलाच निघाला होता, तो त्यांनी आवरला. काठी बोटांतून हळूहळू सरकू दिली. शेवट आला तेव्हा मनगटाला नुसता कळला. आवाज झाला नाही. समोर न्हाव्याचं दुकान बंदच होतं. वहिनी काठी धरून खिडकीकडे बघत राहिल्या. तिथून इतक्या दिवसांत सकाळची हाक आली नव्हती.

मग खोकल्याचा आवाज आला.

"टेकली का गं?"

"टेकली, आबा."